किटलीएवढी बंदूक

गुलाबी! अहो, गुलाबी! मला म्हणतो, "काकू, याच्यात गुलाबीसुद्धा येतो बरं का!"

म्हणजे बघा, मी त्या दुकानात उभी. उजवा हात सुजून लाटण्यासारखा झालेला, त्यावर दवाखान्याची ती घट्ट बाही चढवलेली, आणि छातीच्या उजव्या बाजूला, आता तुमच्यापासून काय लपवायचं, नवऱ्याचा लोकरी मोजा गुंडाळून भरलेला, कारण दवाखान्यातून ते जेलीचं सोंग दिलंय ना, ते घातलं की मला कुणीतरी गार बेडूक ठेवल्यासारखं वाटतं... आणि समोर कोण, तर हा डॅरल! याला मी शाळेच्या बसमधून नेलं-आणलंय. बस चालवायचे ना मी, निवृत्त होईपर्यंत. रोज वळणावर ओकायचा हा. आज दाढी वाढवून बंदुका विकतोय! "गुलाबी कशाला रे?" म्हटलं. तर मान खाली घालून म्हणतो, "नाही, म्हणजे... तुमच्या त्या आजाराचा रंग गुलाबीच असतो ना, काकू? फिती-बिती लावतात लोक..."

आता बोला! आजाराला रंग! अरे, निदान हरणाला गुलाबी नीट दिसत नाही म्हणून घ्या, असं तरी म्हणायचं! धंदा कळत नाही यांना.

मला फक्त एक दस्ता हवा होता हो. बंदुकीचा दस्ता. हलका. बस्स!

दस्ता म्हणजे काय, नळी आणि घोडा सोडला तर जी काय बंदूक उरते ती. खांद्याला टेकतो तो दस्ता, गाल ठेवतो तो दस्ता, आणि दिवसभर डोंगरात कमरेचा काटा ढिला करतो तोही दस्ताच. माझ्या बंदुकीचा अक्रोडाचा होता. देखणा! पण जड किती, तर सेल्विन, माझा नवरा, म्हणाला होता, "हिला गोळ्या नकोत, हरणाच्या टाळक्यात दस्ताच घालेल." एवढं लांबलचक वाक्य म्हणजे सेल्विनचं भाषणच! फार बोलत नाही तो. लग्नात पाद्रीबाबांनी दोनदा विचारलं तेव्हा 'हो' म्हणाला. एरवी सगळ्याला 'हं'. सेल्विन, पूर आलाय. हं. सेल्विन, कुत्रं व्यालं. हं. सेल्विन, मला गाठ लागतेय रे इथं... तेव्हा मात्र 'हं'सुद्धा म्हणाला नाही. उठला आणि गाडी काढली.

तर आमच्या घरात मारते मी आणि वाहतो तो. लोकांकडे उलटं असतं, असू दे. सेल्विनचा हात चाप ओढताना थरथरतो, एकदा तर त्यानं आमच्याच पाण्याच्या टाकीला भोक पाडलं होतं आणि टाकी कुठे, हरीण कुठे! पण पाठ? हरणाच्या मागच्या दोन्ही तंगड्या पाठीवर टाकून छातीएवढ्या पाण्यातून नदी ओलांडतो तो माणूस. मी मारायचं, त्यानं वाहायचं, दोघांनी मिळून मोरीवर कापायचं, आणि फ्रीजर भरायचा. असा संसार झाला आमचा. आम्ही जर आमच्या गावच्या, रीफ्टनच्या खाटकाकडे मांस घ्यायला गेलो असतो, तर त्यानं आधी विचारलं असतं, कोण गेलं?

मग त्या जूनमध्ये मला डोंगर ओलांडून क्राइस्टचर्चच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. उजवीकडचं सगळं काढलं, काखेतल्या गाठीसुद्धा काढल्या. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या हो, नाव ठेवायला जागा नाही. बेडवर बसून समजावून सांगितलं. "नोलीन, या हातानं आता जड उचलायचं नाही. कायमचं. सूज येईल. फार फार तर... चहाची भरलेली किटली. त्याहून जड नको."

किटली! बाईंनी आपलं बोलता बोलता उदाहरण दिलं. पण सेल्विनला उदाहरण कळत नाही. घरी आलो, मला खुर्चीत बसवलं, ओट्यावरची किटली उचलली, नळाखाली काठोकाठ भरली आणि निघाला मागच्या शेडमध्ये. म्हटलं, हा चहा कुठे करतोय? बघते तर शेडमध्ये हरणं टांगायचा आमचा तो मोठा काटा आहे ना, त्याच्या आकड्याला किटली लटकवलेली! काटा वाचला. मग किटली उतरवली, माझी बंदूक लटकवली. काटा वाचला. पुन्हा किटली, पुन्हा बंदूक. थेंब थेंब पाणी गळतंय, हा वाकून डोळे बारीक करतोय... आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "किटली हलकी आहे."

मी टाके घातलेली बाई. हसताही येईना.

तुम्ही म्हणाल, बंदूक सेल्विननं वाहावी की. वाहील हो, दोन वाहील. पण नेम? नेमही त्यानंच धरायचा का? मग पाण्याच्या टाक्या किती घेऊन ठेवू? आणि एप्रिलात आमच्याकडे नर माजावर येतात, दऱ्याच्या दऱ्या दणाणून सोडतात. आयुष्यात एक एप्रिल चुकवला नव्हता मी. जॅनीनच्या वेळी दिवस भरत आले होते, तेव्हासुद्धा गेले होते. ही जॅनीन, आमची लेक, आता पर्थला असते, तिथून फोन करून म्हणाली, "आई, बास की आता! मांस दुकानात मिळतं." म्हटलं, "आई पण दुकानात मिळते का?" झालं. रडायला लागली. मग मीच समजूत घालत बसले. आजारी मी, समजूत मी घालायची!

मला फक्त एक दस्ता हवा होता.

आता यात लिंडसेचं काय काम होतं, सांगा! लिंडसे म्हणजे माझा दीर. समोरच राहतो, रस्ता ओलांडला की हजर. देवानं सेल्विनच्या वाटणीचं बोलणंही यालाच दिलंय. कोळशाच्या खाणीत आयुष्य गेलं, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर याचा एकच उपाय: भोक पाडा. "वहिनी, नवा दस्ता कशाला? लाकूड आहे ना? आतून कोरून काढू! मागची पट्टी काढायची, आत ड्रिल घालायचं, बाहेरून कुणाला कळतंय? पिसासारखा करून देतो!" म्हटलं, "लिंडसे, नको." "वहिनी, तुम्ही झोपा." मी गोळ्यांच्या गुंगीत. झोपले. आणि मागं शेडमध्ये सुरू, घर्र... घर्र... घर्र... अर्धवट झोपेत मला वाटलं माझंच काहीतरी चाललंय पुन्हा. उठून बाहेर आले तर दोघे भाऊ पुतळ्यासारखे उभे. लिंडसेच्या हातात माझा दस्ता आणि दस्त्याच्या उजव्या गालातून बाहेर आलेलं ड्रिलचं टोक!

लिंडसेनं हळूच ड्रिल मागं ओढलं. मग लिंडसे म्हणाला, "हवा खेळेल, वहिनी."

हवा खेळेल! मी त्या दस्त्याकडे बघितलं. उजव्या बाजूला भोक. आतून कोरलेला. बाहेरून जरा बरा दिसतोय एवढंच. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी एवढी हसले, एवढी हसले, की टाक्यांमधून कळ गेली आणि खालीच बसले. लिंडसे बिचारा रडकुंडीला. "वहिनी, मारा मला, पण अशा हसू नका!" मी म्हटलं, "अरे, जुळी आहोत आम्ही! कोरून काढलेल्या!" त्यावर सेल्विन आत निघून गेला. त्याला असले विनोद चालत नाहीत.

अक्रोडाचा दस्ता गेला. म्हणून तर ते दुकान, तो डॅरल आणि ते गुलाबी. शेवटी मी हिरवट रंगाचा प्लास्टिकचा घेतला. पातळ, आतून पोकळ, टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा वाजायचा. हलका मात्र होता. शेडमधला काटा जवळजवळ किटलीवर आला. सेल्विन 'हं' म्हणाला, मीही खूश. आणि गेलो चांदमारीवर, नेम तपासायला.

तुम्हाला सांगते, एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. म्हणजे मला माहीत होती, सगळ्यांना माहीत असते, पण लक्षात कुणाच्या आली? बंदुकीचं वजन काढून टाकलं तरी ते जात कुठेच नाही हो! ते लाथेत येतं. जड बंदूक धक्का स्वतः पिते. हलकी बंदूक सगळा तुमच्या पदरात घालते. आणि माझा तो पदर कुठला? तर उजवा खांदा, जिथून तो व्रण सुरू होतो! मी पालथी झोपले, गाल टेकवला, चाप ओढला... पुढचं आठवत नाही. नाही, आठवतं. ओरडले नाही मी.  डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि पांढऱ्यातून सेल्विनचे बूट पळत येताना दिसले. सेल्विन पळतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "जड घ्यावी तर हात उचलत नाही. हलकी घ्यावी तर छातीत लाथ. मग मी करू काय? दगड मारू हरणांना?"

'हं'ही नाही. पूर्ण रस्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पावाला लोणी लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसरा खांदा आहे ना तुला."

हातातला कप तसाच राहिला माझ्या. अहो, खरंच की! दुसरा आहेच ना!

मग काय! डाव्या खांद्याची शाळा सुरू. सकाळी उठलं की केरसुणी डाव्या खांद्याला लावायची, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहायचं, आणि डाव्या डोळ्यानं समोरच्या लिंडसेवर नेम धरायचा. तो दार उघडून दूध घ्यायला येतो ना, तेव्हा. पहिले काही दिवस वाचायचा तो. साठीनंतर डावरं होणं म्हणजे उलट्या सासरी नांदायला जाण्यासारखं आहे! गाल चुकतो, डोळा चुकतो, बोट सापडत नाही. पण पुढं पुढं लिंडसे रोज मरायला लागला. एकदा तर दूध घेऊन त्यानं मला हात केला आणि मी केरसुणी खाली न घेताच डोक्यानं नमस्कार केला.

पण पुन्हा अडचण! तो हिरवा डबा होता उजव्या गालासाठी केलेला. डाव्या बाजूला फुगवटा, उजवी बाजू सपाट. डाव्या खांद्याला लावलं की गाल हवेत! म्हणजे आता दस्ता हवा तर कसा हवा? दोन्ही गालांना चालणारा, किटलीपेक्षा हलका, आणि मागं जाड मऊ रबर असलेला. डॅरलला फोन केला. "काकू, मग कार्बन फायबरच! विमानं करतात त्याची! मागवावा लागेल परदेशातून. मार्चपर्यंत येईल. थांबाल ना?"

थांबाल ना म्हणे. मी म्हटलं, "थांबते की. कुठे जातेय!"

तेवढ्यात फेब्रुवारीत पुन्हा तपासणी. पुन्हा डोंगर ओलांडून. त्या पांढऱ्या बोगद्यात घालतात ना, आत ठक ठक ठक वाजतं... मी आत पडल्या पडल्या डाव्या हातानं चाप ओढायचा सराव करत होते. मग डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. आता एक लक्षात घ्या, इतके महिने या बाई मला एकच शब्द बोलत आल्या होत्या: नको. उन्हात नको. मीठ नको. ओझं नको. डोंगर नको. बागेत मातीत हात नको. मी सवयीनं आपलं विचारलं, "एप्रिलात शिकारीला जायचं म्हणतेय मी. वर डोंगरातल्या आमच्या खोपटात राहून. चालेल का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पडद्यावरच्या त्या फोटोकडे बघितलं, काळ्यात पांढरे ठिपके, आभाळ निवळल्यावर दिसतात तसे. आणि म्हणाल्या, "जा, नोलीन."

मी म्हटलं, "ओझं?"

"झेपेल तेवढं ने."

"आणि मीठ?"

"खा."

तेव्हाच कळलं मला. पुढं त्या बरंच काही सांगत होत्या, यकृत म्हणाल्या, हाडं म्हणाल्या, औषधानं थोडं लांबवता येईल म्हणाल्या... पण ते 'जा' म्हणाल्या ना, तिथंच सगळं झालं होतं. डॉक्टर ओरडतात तोवर काळजी नसते. डॉक्टर 'खा' म्हणाले की समजायचं.

परतताना घाटात चिप्स घेतल्या. भरपूर मीठ मारून. सेल्विननं गाडी कडेला लावली, दोघांनी बोनेटवर बसून खाल्ल्या. खारट झाल्या होत्या. चांगल्या आहेत, एवढंच दोघं म्हणालो.

मला फक्त दस्ता हवा होता हो. आता तर तोही एका एप्रिलपुरता.

मार्चमध्ये आला. खोक्यातून काढला तर काळा, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, आणि वजन? हातात घेतला तर हात वर गेला! डॅरलनं तिथंच नळी बसवली, स्क्रू आवळले, दुर्बीण चढवली, मागं जाड रबर. दाढीतून फुलून आला होता नुसता. "बघा काकू! पाऊस, बर्फ, कशानंही वाकणार नाही, फुगणार नाही. आणि हे ऐका, आजन्म हमी!"

मी म्हटलं, "कुणाच्या जन्माची रे?"

"म्हणजे... मालकाच्या, काकू. तुम्ही असेपर्यंत काही झालं तर बदलून मिळणार."

"मग कंपनी फायद्यात आहे," म्हटलं.

सेल्विन हसला. मोठ्यानं हसला, खांदे हलेपर्यंत. डॅरल पण हसला, त्याला काय माहीत! आणि मग हसता हसताच सेल्विन दार उघडून बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला, बराच वेळ. मी डॅरलशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. निघताना त्या पोराच्या तोंडाकडे बघून वाटलं, कळलं बहुतेक याला. बंदूक गाडीपर्यंत आणून दिली त्यानं. दार लावताना म्हणाला, "काकू, बसमध्ये मी ओकायचो, तुम्ही कधी रागावला नाहीत." आता हे काय बोलणं झालं? म्हटलं, "मनात रागवायचे रे. जा, गिऱ्हाईक आलंय."

घरी आल्यावर शेडमध्ये काटा. बंदूक, दुर्बीण, पट्टा, सगळं धरून किटलीएवढी! तंतोतंत! सेल्विननं दोनदा बघितलं आणि मान डोलावली. जिंकलो होतो आम्ही. फक्त झालं काय, की तोवर मला किटलीही उचलेना.

पण गेलो. जाणार नाही तर काय! लिंडसेनं गाडीनं दरीच्या तोंडापर्यंत सोडलं. "वहिनी, मी येऊ का बरोबर?" "नको, तू भोकं पाडशील." तिथून पुढं नदीच्या पात्रातून, गोट्यांवरून, चालत. एरवी जेवणाआधी खोपटात पोचायचो, या वेळी दिवस मावळला. सेल्विनच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड, माझ्या डाव्या खांद्यावर फक्त बंदूक. नदीकाठच्या त्या बारक्या, चावऱ्या वाळूमाश्यांनी फोडून काढलं. मी दर वळणावर बसायचे, आणि मी बसले की तोही बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा. दर वळणावर! त्या नाडीला काय दर मैलाला सुटायचा रोग होता का? पण मी काही बोलले नाही.

सकाळी दव पडून गवत पांढरं झालेलं. आणि पलीकडच्या कड्यावरून आला आवाज! ऐकलाय का तुम्ही कधी? बैल, म्हैस आणि गंजलेलं फाटक, तिघं मिळून ओरडल्यासारखा. जुना, मोठा नर. पण झाडीतून बाहेर येईना. मग त्याला डिवचायचं असतं, दुसरा नर आलाय असं भासवायचं. त्यासाठी सेल्विनकडे एक पाइप आहे, मोरीच्या नळाचा तुकडा, त्यात तोंड घालून हंबरायचं. दरवर्षी दोन-चारदा हंबरतो, तेही लाजत लाजत.

त्या दिवशी त्यानं पाइप तोंडाला लावला आणि हंबरला. वरून उत्तर आलं. पुन्हा हंबरला. पुन्हा उत्तर, जरा जवळून. इथं थांबायचं असतं. नर निघाला की गप्प बसायचं, हे पोरासोरांनाही माहीत आहे. पण सेल्विन थांबेना! पुन्हा ओरडला. पुन्हा. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, तोंड लाल, डोळे घट्ट मिटलेले, आणि तो पाइप आभाळाकडे करून हा माणूस ओरडतोय, ओरडतोय... लग्नात 'हो' म्हणायला दोनदा विचारावं लागलेला माणूस! अख्खी दरी त्याचं ओरडणं घेऊन परत परत फिरत होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, आणि ठेवला नाही. ते हरणासाठी नव्हतंच. हरणाला एवढं कशाला सांगायचं असतं!

आणि हरीण तरी कसलं येडं, त्यालाही राहवलं नाही. आलं! झाडीतून सरळ बाहेर, मान खाली घालून, चिखलानं काळं झालेलं, कोण रडतंय माझ्या दरीत, असं बघायला. मी बॅगेवर बंदूक टेकवली. डावा खांदा. डावा गाल, बरोबर बसला. डावा डोळा. उजवा हात नुसता खाली आधाराला. मनात म्हटलं, लिंडसे आहे, दूध घ्यायला आलाय. चाप ओढला.

लाथ बसली, पण रबरानं अर्धी खाल्ली. अर्धी मी खाल्ली. नर जागच्या जागी गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. एक पाऊल नाही.

सेल्विनच्या हातात पाइप तसाच. घसा बसलेला. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला, आवाजच फुटला नाही, नुसते ओठ हलले. मी म्हटलं, "काय?" तर पुन्हा ओठ हलले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काही बोलायला गेला, आणि आवाज नाही! काय म्हणाला, मला कळलं. तुम्हाला सांगणार नाही.

मग सोलणं, कापणं, तंगड्या पाठीवर. दोन खेपा केल्या त्यानं नदीपर्यंत, मी दगडावर बसून माश्या हाकलत राहिले. शेवटच्या खेपेला येऊन माझ्या शेजारी बसला. पाय पाण्यात. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पुढच्या वर्षी..."

आणि थांबला.

"पुढच्या वर्षी काय?"

पाण्याकडे बघत राहिला. "पाइप बदलायला हवा. तडा गेलाय."

"बदल की," म्हटलं. "जाड घे."

"हं."

तर असं झालं ते सगळं. मिळाला मला हलका दस्ता. घरी आलो, मांस मुरवलं, टांगलं, कापलं, आणि रविवारी लिंडसेला जेवायला बोलावलं. पहिला घास घेतला त्यानं. चावला. चावला. इकडून तिकडे केला. शेवटी हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, हा खरंच मेला होता ना?"

माजावरचा म्हातारा नर हो! चामडं! वास असा की कुत्र्यानं हुंगून मान वळवली. एवढी किटली, एवढी भोकं, एवढा विमानाचा कार्बन, आणि हाती काय आलं, तर बुटाचा तळवा! सॉसेज केले, वाटलं, मिरी घातली, कुकरला दिवसभर लावलं... काही नाही. मी म्हटलं, "सेल्विन, टाकून दे ते सगळं. नवीन काहीतरी आणू." तर मान हलवली. नाही. रोज ताट पुढे ओढतो आणि एकेक घास चावत बसतो, सावकाश. भांडी घासून होतात, बातम्या संपतात, हा चावतोच आहे. परवा मी चिडून म्हटलं, "अरे, संपव ना एकदाचं!"

तोंडातला घास एका गालात सारून म्हणाला, "घाई काय आहे?"

आता फ्रीजर तुडुंब भरलेला आहे, आणि रोज त्यातला एक तुकडा कमी होतो. मीही रोज थोडी थोडी. बघू या... आमच्या दोघांत आधी कोण संपतंय, मी की तो मेला नर. मी काही त्याच्याइतकी चिवट नाही, बाई.